तेवीस सह्यांचा अर्ज

घाटकोपर (पूर्व)
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय लता,
सप्रेम जय भीम.

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझा गुडघा कुरकुरतो. मोतीबिंदू काढल्यापासून मालनला स्वच्छ दिसतं. किरण आणि श्रुतिका सकाळी सातला कामाला बाहेर पडतात ते दिवेलागणीला परत येतात. त्यांची अबोली आता तिसरीत आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. किरणच्या लग्नात जे झालं ते उकरायला मी हे पत्र लिहीत नाही.

काम आहे. तू तीस वर्षं पालिकेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवलीस, म्हणून तुझ्या मताला वजन आहे.

अबोलीचा अभ्यास माझ्याकडे असतो. रोज शाळेतून आली की मी तिला धडा वाचून दाखवतो, पेपरातला अग्रलेख वाचून दाखवतो, कपाटातलं एखादं पुस्तक काढतो. धडे तिला तोंडपाठ आहेत. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात तिनं भाषण केलं तेव्हा लोक उभे राहिले होते. पोरीचा आवाज माझा आहे, लता. युनियनच्या दिवसांतल्या गेटसभेतला.

एकवीस तारखेला शाळेत पालक मेळावा झाला. वर्गशिक्षिका माधुरी बाईंनी प्रत्येक मुलाला एक कागद दिला आणि सगळ्यांसमोर वाचायला लावला. अबोलीच्या कागदावर वर नळाचं चित्र होतं. ती उभी राहिली, कागद समोर धरला आणि म्हणाली, "बंधू आणि भगिनींनो, पाणी हा आपला हक्क आहे, भीक नाही!" पुढे तीन मिनिटं बोलली. ऑगस्टच्या पालकसभेत शाळेच्या संडासातल्या कोरड्या नळावर मी जे बोललो होतो, ते सगळं तिनं मांडलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "छान बोललीस, बाळा. आता यात काय लिहिलंय ते वाच."

कागदावर चिमणीची गोष्ट होती म्हणे. पोर माझ्याकडे बघत राहिली. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, घरी रोज तुम्हीच वाचून दाखवता ना?"

भर सभेत! मी उठलो आणि जे बोलायचं ते बोललो. ऑगस्टमधल्या भाषणाचा सूड एका आठ वर्षांच्या पोरीवर उगवला गेला, हे मी मोठ्यानं सांगितलं. झेरॉक्स पुसट होती. इतरांचे कागद ठळक होते, माझ्या नातीचाच पुसट का? आपल्या मुलांना मागच्या बाकावर बसवणाऱ्या शाळा मी पाहिल्यात, तूही पाहिल्यास. संशय हा माझा स्वभाव नाही, माझा अनुभव आहे.

मी अर्ज लिहिला. वर्गातल्या मुलांच्या घरी जाऊन मोठ्यानं वाचून दाखवला आणि तेवीस पालकांच्या सह्या घेतल्या. पहिली सही आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाईंची. त्यांचा नातू अबोलीच्या वर्गात आहे. अर्ज वॉर्डातल्या शिक्षण विभागात दिला आहे, १५ डिसेंबरला सुनावणी आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. मालननं सही केली नाही. म्हणाली, "आधी मला बघू द्या काय लिवलंय." मी म्हटलं, "आत्ताच तर वाचून दाखवलं!" ती नुसती हसली आणि भाकरी थापायला गेली. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडून कागद कधी मागितला नव्हता.

तो उतारा सोबत जोडला आहे. तिसरीच्या मुलाला हा उतारा, ही छपाई योग्य नाही, एवढं चार ओळींत लिहून दे. फोन तू उचलणार नाहीस, म्हणून पत्र.

तुझा,
शिवदासदादा


घाटकोपर
मंगळवार, ९ डिसेंबर

लता,
जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. मी चार ओळी मागितल्या, तू तीन वाक्यं पाठवलीस. "दादा, हा उतारा पहिलीच्या शेवटचा आहे. छपाई वाचण्याजोगी आहे. अबोलीला कधी न पाहिलेलं काहीतरी वाचायला दे आणि तू खोलीच्या बाहेर जा."

शिक्षक शिक्षकांना सांभाळून घेतात हे मला माहीत होतं. तू रक्ताची असूनही तेच करशील असं वाटलं नव्हतं.

तरी तू सांगितलंस ते करून पाहिलं, म्हणजे पेपरातली एक बातमी तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकदा वाचा ना, मग मी वाचते." मी एकदा वाचली. तिनं शब्द न् शब्द म्हटली. मी जिथं श्वास घेतला होता तिथं तिनंही घेतला. अशी स्मरणशक्ती असलेल्या मुलीला वाचता येत नाही, असं तुला म्हणायचं आहे? खोलीबाहेर मी गेलो नाही. माझ्याच घरात मी बाहेर का जाऊ?

पण आता मुद्दा दुसराच आहे. माझ्या घरातून शाळेत बातम्या जातात.

विचार कर. मी रोज वाचून दाखवतो हे माधुरी बाईंना कोणी सांगितलं? किरण-श्रुतिकाला शाळेची पायरी चढायला वेळ नाही. उरलं कोण? गेले आठ दिवस मी मागचं सगळं आठवून, जुळवून पाहतो आहे. मालन दर शनिवारी दहा वाजता अबोलीला घेऊन "भाजीला जाते" म्हणून निघते. बारा वाजता येते, हातात मेथीची एक जुडी. दोन तासांत एक जुडी! या शनिवारी सहा डिसेंबर होता, आम्ही सगळे दादरला चैत्यभूमीला गेलो, म्हणून ते चुकलं. पण त्याच्या आधीच्या शनिवारी तिच्या पदराला खडूची पूड होती. मी विचारलं तर म्हणाली, "पीठ असंल."

दादरलाच आणखी एक पाहिलं. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर मी दरवर्षी दोन तास काढतो, ती कंटाळून बाजूला बसते. यंदा ती स्वतः एका स्टॉलसमोर उभी होती. एक पातळ पुस्तक हातात धरून किती तरी वेळ त्याच पानाकडे पाहत होती. मी म्हटलं, "चित्रं बघतेस काय गं?" तिनं पुस्तक विकत घेतलं आणि पिशवीत घातलं. अजून ते मला दाखवलेलं नाही. गादीखाली नाही, डब्यांमागे नाही. मी शोधलं.

काल सरळ विचारलं, "माधुरी बाईंशी तुझं काय चाललंय?"

ती म्हणाली, "तुमच्या कंपनीला टाळं लागून वीस वर्सं झाली. आता तरी घरात मॅनेजर हुडकायचं थांबवा."

हे उत्तर झालं का?

आणि आता तुला विचारतो. तुझं आणि तिचं फोनवर बोलणं होतं का? ती शेवटी तुझी वहिनी आहे, तुमचं पहिल्यापासून गूळपीठ. असेल तर तसं स्पष्ट लिही. मला पाठीमागून झालेलं चालत नाही.

येत्या शनिवारी मी तिच्या मागे जाणार आहे. सुनावणीच्या आधी घरातला फितूर कोण ते मला कळलंच पाहिजे.

शिवदास


घाटकोपर
बुधवार, १७ डिसेंबर

प्रिय लता,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, ते बरं केलंस.

शनिवारी मी मागे गेलो. दोघी भाजीवाल्यांना ओलांडून थेट शाळेच्या फाटकातून आत शिरल्या. तळमजल्यावर पहिलीच्या वर्गाची खिडकी व्हरांड्यात उघडते. मी खांबाआड उभा राहिलो. माझ्या वयाचा माणूस, पोलिसाच्या खबऱ्यासारखा.

आत आठ-नऊ बाया लहान मुलांच्या बाकांवर बसल्या होत्या, गुडघे पोटाशी घेऊन. प्रत्येकीच्या शेजारी तिचा मुलगा, मुलगी, नाहीतर नातवंड. फळ्यावर "शनिवारचा वाचन वर्ग" असं लिहिलं होतं. दुसऱ्या बाकावर मालन. तिच्यासमोर दादरचं ते पातळ पुस्तक. मालनचं बोट एका शब्दाखाली, अबोलीचं बोट त्याच शब्दाच्या वर.

अबोली तिला दटावत होती. "आजी, चित्र बघून सांगू नकोस! अक्षर बघ."

मालन म्हणाली, "तू लई शहाणी. तू तरी कुठं वाचतीस गं? आजोबाच्या तोंडानं बोलतीस."

अख्खा वर्ग हसला. अबोलीही हसली. मग दोघींनी मिळून तो शब्द फोडला. 'पा', 'ख', 'रू'. त्याला किती वेळ लागला म्हणून सांगू! माझी जीभ टाळ्याला येऊन थांबली होती. खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटत होतं, पाखरू गं, पाखरू!

पहिल्या बाकावर सुंदराबाई होत्या. माझ्या अर्जावर सह्या केलेल्या आणखी तिघी होत्या. माधुरी बाईंनी मला पाहिलं. "आत या ना, आजोबा," म्हणाल्या. मी तसाच मागे फिरलो.

घरी मालननं पिशवी ठेवली, मेथी काढली. मी विचारलं, "कधीपासून?"

"डोळ्याचं आपरेशन झालं तवापासून. दिसाया लागलं, म्हटलं आता बघावं तरी."

"आणि अबोलीचं तुला कसं कळलं?"

"चोराची पावलं चोरालाच ठाव. मी बँकेत जाऊन म्हणते, चष्मा राहिला घरी, जरा वाचून सांगा. ती म्हणते, आजोबा, तुम्ही आधी वाचा. दोघींची एकच युक्ती. मला येत न्हाई म्हणून मला कळलं. तुम्हाला येतंय, तुम्हाला कसं कळंल?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? तुम्ही सारखं वाचून दाखवताय."

मेळाव्यात मुलांना न पाहिलेला उतारा द्या, असं बाईंना सुचवणारी मालनच होती. पोरीचं पितळ मला डोळ्यांनी दिसावं म्हणून. दिसलं, आणि मी त्याचा अर्ज केला.

लता, किरणच्या लग्नाच्या नोंदणीत काय झालं ते मी आजवर कोणाकडे सरळ बोललो नाही. साक्षीदार म्हणून मालनला सही करायला सांगितली आणि तिनं अंगठा पुढे केला. तू मला बाजूला घेऊन हळूच म्हणालीस, "दादा, तुझ्या कपाटात चारशे पुस्तकं आहेत. वहिनीला दोन महिने माझ्याकडे पाठव." तू हळू बोललीस, पण मी हळू बोललो नाही. मांडवातल्या लोकांसमोर म्हणालो, की शिक्षिका झालीस म्हणून माझ्या घराची इन्स्पेक्टर होऊ नकोस. मी रोज वाचून दाखवतो म्हणून माझी बायको तुझ्या सगळ्या शाळेपेक्षा जास्त जाणते. आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. तू चुलतभावाला हातातला हार दिलास आणि न जेवता निघालीस. मालन फाटकापर्यंत तुझ्यामागे धावली होती. मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं आजवर सांगत आलो.

हजारो लोकांना मी शिका म्हणून सांगितलं. ज्या दोघी रोज समोर बसून ऐकत होत्या त्यांना मी ऐकणाऱ्याच ठेवलं. ऐकणारं माणूस समोर असलं की मला बरं वाटतं. यापुढचं लिहिण्याइतकं धैर्य नाही.

सोमवारी सुनावणी झाली. मी अर्ज मागे घेतला, चूक माझी आहे असं लिहून दिलं. साहेब म्हणाले, ठीक आहे, प्रकरण बंद. मला वाटलं, मिटलं. बाहेर जिन्यावर माधुरी बाई म्हणाल्या की अर्जाची प्रत हातात पडली त्याच दिवशी त्यांनी बदली मागितली आणि ती मंजूरही झाली. जानेवारीपासून मुलुंड.

मी त्यांना थांबवायला खूप बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सह्या पाहिल्या मी. सुंदराबाईंच्या सहीतला 'द' ओळखला. तो गिरवून घ्यायला मला तीन शनिवार लागले होते. आणखी सहा महिने मिळाले असते, तर कशावर सही करतोय हेही त्यांना वाचता आलं असतं." जाता जाता म्हणाल्या, "आजोबा, राग नाही. पण आता पालकांसमोर उभं राहायची भीती वाटते मला."



शनिवारचा वर्ग आता बंद पडेल. मुख्याध्यापिका म्हणतात, शिकवणारं माणूस आणा, खोली उघडी ठेवते. नऊ बाया आहेत, दहा-अकरा मुलं आहेत, आणि अबोली आहे, जी अजून 'चिमणी' हा शब्द पाहून काहीतरी वेगळंच छान बोलते. मी शिकवू शकत नाही. मी प्रयत्न केला, काल. तिनं पहिलं अक्षर लावायच्या आत मी अख्खी ओळ बोलून गेलो.

कांदिवलीहून इथवर यायचं म्हणजे दगदग आहे, आणि माझ्या दारात येऊ नकोस असं मीच सांगितलेलं आहे. वर्ग शाळेत भरतो. आमचं दार मध्ये येत नाही. त्या दोन तासांत मी शाळेच्या आसपासही नसेन. तू येशील असं मला वाटत नाही. तुझ्या जागी मी असतो तर आलो नसतो.

मालन म्हणते, पत्र बंद करू नका, खाली जागा सोडा. ती लिहीत असताना मला गॅलरीत उभं राहायला सांगितलं आहे. काय लिहायचं ते मी तिला सांगितलेलं नाही आणि लिहिल्यावर वाचून पाहणार नाही. माझ्याविरुद्ध असेल असा मला दाट संशय आहे. असू दे.

तुझा अपराधी,
दादा

लता
शनवारी ये. दहा ला.
अबोली ला तू पायजे. मला पण.
ह्यांना मी घरी ठेवते. जेवून जा, तेव्हा जेवली नाहीस.
मालन