फुलांतले केसर

प्रिय ताई,

मी, तुझा धाकटा भाऊ, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, विमा कचेरीत दावे तपासणारा अधीक्षक, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी तू इकडे यावेस म्हणून हे पत्र लिहीत आहे. यातले काहीही तुला नवे नाही. पण सुरुवात रीतसर झाली की माझा हात स्थिर राहतो.

वसंत पंचमीपासून रोज सकाळी, कचेरीला जाण्यापूर्वी, मी बागेत फुलांचे फोटो काढतो. यंदा कचेरीच्या दिनदर्शिकेसाठी बारा फोटो माझ्याकडे मागितले आहेत. गेल्या महिन्यात ते संगणकावर मोठे करून पाहताना प्रत्येक फुलाच्या मधोमध एक करडा डाग दिसू लागला. भिंगावर धूळ असणार, असे ठरवून कॅमेरा दुरुस्तीला दिला. दुरुस्तीवाल्याने तो तीनदा उघडला आणि शेवटी वैतागून म्हणाला, "साहेब, आता यात धूळ सापडायला हवी असेल, तर ती मलाच आणून टाकावी लागेल." मी त्याला मनातल्या मनात निष्काळजी ठरवले आणि डाग स्वतःच काढायला बसलो. शेजारच्या पाकळीचा रंग उचलायचा, डागावर भरायचा. डाग जाईना, मी भरत राहिलो.

परवा रविवारी बाराही फोटो हिला दाखवले. ती हसतच सुटली. "अहो, फुलांतले केसर कुठे गेले? सगळ्यांना टक्कल पाडलंत की!" मीही हसलो.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी मूळ फोटो पुन्हा उघडला आणि नजर फुलावरून काढून बाजूच्या रिकाम्या पांढऱ्या जागेवर नेली. डाग नजरेबरोबर तिथे आला. कॅमेऱ्याच्या सवयीने मी संगणकासमोरही डावा डोळा मिटून बसतो, हे तुला माहीत आहे. त्यावरून तू मला चिडवतेसही. तो उघडला, उजवा मिटला. केसर जागच्या जागी, एकेक मोजता येतील असे. पुन्हा उजव्याने पाहिले. डाग. हे मी अकरा वेळा केले, ताई. बाराव्या वेळेचे धैर्य झाले नाही.

आता त्या डोळ्याला दाराची चौकटही मध्येच वाकलेली दिसते. बाबा याच वयात वर्तमानपत्र तिरके धरू लागले होते आणि छापखान्याला शिव्या देत होते. दोन वर्षांनी तू त्यांची दाढी करून देत होतीस.

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी काल घेतली आणि तासाभरात रद्द केली. आज पुन्हा घेतली आहे: गुरुवार, सकाळी साडेदहा. हिला अजून सांगितलेले नाही. डॉक्टर बोलू लागले की माझ्या डोक्यात काही शिरणार नाही, इतके मी स्वतःला ओळखतो. बाबांच्या वेळी त्यांच्याबरोबर आत तू गेली होतीस, आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, "काही नाही रे, नंबर वाढलाय." मी दहावीत होतो, पुढची दोन वर्षे त्यावर विसंबलो. तसे का सांगितलेस, हे मला कळते. या वेळी मात्र माझ्या शेजारी बस, सगळे ऐक, आणि बाहेर आल्यावर जसेच्या तसे सांग. फक्त सांगण्याआधी माझा हात धर.

तुझाच,
बाळ्या

घरी, खिडकीजवळच्या टेबलावरून
मंगळवार, १८ मार्च