सही करायला काय जातं?

गुरुवार, संध्याकाळ. मुक्काम अष्टमी.

डॉक्टरांनी आमच्या अर्जावर सही केली नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे हळूहळू हातपाय बधिर करत जाणाऱ्या आजाराच्या, आम्हा रुग्णांना मानेतल्या शिरा फुग्याने रुंद करण्याचा तो उपचार मिळावा, म्हणून पार पेणपर्यंत फिरून मी सह्या गोळा केल्यात. डॉक्टर म्हणाले, "त्याने गुण येतो हे सिद्ध झालेलं नाही. तुमच्याच भल्यासाठी अडवतोय."

असा संताप आला! तडक उठून रोह्याहून नदीपलीकडे अष्टमीला घरी निघाले. पुलावर डावी चप्पल पायातून निसटली, ते कळलं पूल संपल्यावर. तशीच मागे गेले. डोक्यात एकच, सही करायला डॉक्टरांचं काय जातं?

आणि मग आठवलं. हेच सकाळी मला कोणीतरी ऐकवलं होतं. धाटावला, आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये, टँकरच्या ड्रायव्हरने. "मॅडम, सोडा ना गाडी. सही करायला तुमचं काय जातंय?" टँकरमधल्या मालाच्या नमुन्याचा रिपोर्ट यायचा होता. मी म्हटलं, "तपासल्याशिवाय गाडी सुटणार नाय. तुझ्याच जिवासाठी हाय हे." दोन तास बसवून ठेवला त्याला. वर स्वतःवर खूशही झाले.

मग डॉक्टरांचं चुकलं कुठे? पण टँकर दोन तास थांबतो. माझा पाय थांबेल? आज चप्पल गेलेली कळली नाही. पुढे?

आत्ता अर्ज पुन्हा लिहायला घेतला. 'उपचार मिळावा' हे खोडलं. त्या जागी लिहिलं: उपचार तपासून बघा. पहिला नमुना म्हणून मला घ्या.