हेट्टी ओकडेनचं लाखेचं सील

मी, सायलस ब्रॅडॉक, वय एकोणपन्नास, धंदा माळीकाम, राहणार लिटल हॅसलबी, चेशायर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात पोटाचं ऑपरेशन आहे. परमेश्वरावर भरवसा आहे, डॉक्टरवरही आहे. तरी मागे घोळ नको.

एक. देह चर्चच्या आवारात, भिंतीकडेला पुरावा. वर गुलाब लावू नयेत. त्या मातीत गुलाब रडतात.

दोन. माझं चांगलं फावडं भाऊ नॉर्मन याला. ते गेली कित्येक वर्षं त्याच्याच घरी आहे, तेव्हा न्यायला यायची तसदी पडणार नाही.

तीन. शिल्लक रक्कम चर्चच्या घंटेच्या नव्या दोरासाठी. जुना दोर ओढताना दरवेळी मनात प्रार्थनेऐवजी भलतंच येतं.

चार. घर, बाग आणि गूजबेरीच्या आंबट फळांची झुडपं शेजारीण हेट्टी ओकडेन हिला. याचं कारण सांगणं भाग आहे.

आमच्याकडे सर्वात मोठ्या गूजबेरीला बक्षीस देणाऱ्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फळ शेजाऱ्यासमोर तोडतात, पेटीत ठेवतात आणि शेजारी पेटीवर लाखेचं सील मारतो. तीन वर्षांमागे माझं फळ कोंबडीच्या अंड्याएवढं होतं. सील हेट्टीनं मारलं. दुसऱ्या दिवशी पंचांनी सर्वांसमोर पेटी उघडली, तर फळ आतून पोखरलेलं, नुसतं पिचकं साल. सील अभंग. एक गांधीलमाशी डुलत बाहेर आली, पंचांनी तिला टोपीनं हाकललं आणि सगळे हेट्टीकडे बघू लागले. सील मारण्याआधी तिनं फळाला टोपीची पिन टोचली असणार, असं ठरलं. त्या दिवसापासून तिचा मुरंबा कुणी घेत नाही आणि तिला साक्षीला कुणी बोलवत नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत ती फाटकातून माझ्या खिडकीशी आली. "सायलस, तुझ्या फळाला मी हात लावला नाही. पटत असेल तर पटू दे, नाहीतर बस तुझ्या झुडपांना कुरवाळत!" तिचं बोलणं संपायच्या आत, खिडकीखाली बर्फातून वर आलेल्या लॅव्हेंडरला फुलं आली. ते झुडूप माझ्या आईनं लावलेलं. त्याच्याजवळ कुणी मनापासून खरं बोललं की ते फुलतं, हे गावाला ठाऊक आहे. पण झुडपाची साक्ष पंच मानत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एका पिकल्या फळाच्या देठाशी बारीक भोक दिसलं. हलवलं, तर आत गुणगुण. ते फळ पेटीत ठेवून पाद्रीसाहेबांकडून सील करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गुत्त्यात सर्वांदेखत उघडलं. पिचकं साल, आणि डुलणारी गांधीलमाशी. म्हणजे त्या वर्षी चोराला आत घेऊनच आम्ही सील मारलं होतं! गाव पोट धरून हसलं. पण हेट्टीची माफी कुणी मागितली नाही, आणि साक्षीलाही बोलावलं नाही.

म्हणून आज साक्षीला तिलाच बोलावलं आहे.

वरचं वाचून पाद्रीसाहेब म्हणाले, "अरे, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. बाग देणार, की सही घेणार?"

मी म्हटलं, "दुसरा साक्षीदार बघतो."

"बघून तर दाखव!" हेट्टी म्हणाली. "बाग घाल चुलीत. माझी सही घे."

पाच. सबब कलम चार रद्द. घर आणि बाग प्रदर्शन भरवणाऱ्या गूजबेरी मंडळाला; अट एवढीच की हेट्टी आहे तोवर प्रदर्शनाच्या प्रत्येक पेटीवर सील तीच मारील.

"आणखी एक," पाद्रीसाहेब म्हणाले. "लग्न केलंस तर हे सगळं आपोआप रद्द होतं."

हेट्टी खिडकीशी उभी राहून टाक पुसत होती. "मग एवढं वळणदार अक्षर कशाला काढतोयस?"

खिडकीखाली लॅव्हेंडर आहे. बाहेर कडाक्याची थंडी. ते फुललं आहे.

इथेच थांबतो. नवा कागद आणायला हवा.

सही: सायलस ब्रॅडॉक

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
रेव्हरंड सेप्टिमस पिम
हेट्टी ओकडेन (तूर्तास)

लिटल हॅसलबी, १७ जानेवारी १९५७