सात नंबरची नळी

३ फेब्रुवारी

सोनं लाल दिसतं! दहा वर्षं झाली या प्रयोगशाळेत, तरी आज पुन्हा बाटलीकडे बघत बसले. इतके बारीक कण केले की सोन्याचा रंगच पालटतो — थेट डाळिंबाचा रस. एक कण म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग. त्याला कॅन्सरची पेशी ओळखणारा लेप द्यायचा, औषध चिकटवायचं आणि सोडून द्यायचं. बाकी पेशींच्या वाटेलाही जात नाही. उंदराची गाठ तीन आठवड्यांत हरभऱ्याची मोहरी झाली! मी मोजली, माझ्या हातांनी.

९ फेब्रुवारी

आता माणसाचं रक्त तपासायचं. वीस नळ्या रुग्णांच्या, वीस निरोगी माणसांच्या. निरोगी म्हणजे नेहमीप्रमाणे आम्हीच — बाह्या वर करा आणि बसा. माझी शीर सापडेना. आमच्या ज्युनिअर चष्मिषनं तीनदा टोचलं! जाम वैतागले. तेवढ्यात नवरोबा माझा विसरलेला डबा घेऊन हजर. म्हटलं, तूच बस रे. "डबा आणायची ही शिक्षा?" म्हणाला, पण बसला बिचारा. यादीत माझं नाव आधीच लिहून झालं होतं. राहू दिलं. निरोगी ते निरोगी, कोण खाडाखोड करत बसणार!

१६ फेब्रुवारी

रुग्णांच्या नळ्यांत कणांना लावलेल्या रंगाचे हिरवे ठिपके चमकले. कोट्यवधी पेशींत दोन-तीनच वाईट, आणि कणांनी नेमक्या त्याच धरल्या! अंगावर काटा आला.

पण निरोगींमधली सात नंबरही चमकतेय. आमच्या प्रमुख मॅडम कडाडल्या, "नीट धुतली नाहीस. निरोगी नळी अशी चमकायला लागली तर माणसांवरच्या चाचणीची परवानगी विसरा." मी? आणि नीट धुतलं नाही?

१८ फेब्रुवारी

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. सातच.

१९ फेब्रुवारी

शेवटी मॅडमनी नावांचं बंद पाकीट फोडलं. नळ्यांना नंबर नंतर अदलाबदल करून दिलेले; कुठली कुणाची, ते तोवर त्या पाकिटातच बंद होतं. वाचलं आणि माझा हात धरला. "सात नंबर — तू आहेस गं." चष्मिष खुर्ची घेऊन धावला. बसले, आणि दंडाखालचे टोचल्याचे तीन डाग दिसले. ते रक्त माझं नव्हतंच! क्षणभर हायसं वाटलं.

मग कळलं, कुणाचं आहे ते. त्या हायसं वाटलेल्या क्षणाची मला जन्मभर लाज वाटेल.

२ मार्च

त्याच्या मूत्रपिंडात गाठ. हरभऱ्याएवढी. त्याला काडीचा त्रास नव्हता! डॉक्टर म्हणाले, "इतक्या लवकर कुणी येतच नाही हो माझ्याकडे. काढून टाकू, बरे होतील."

घरी आलो. चपला काढता काढता तो म्हणाला, "तू नाव तुझं लिहिलंस, तरी त्या कणांनी बरोबर मलाच शोधलं बघ."