चौथी पेटी

१२ नोव्हेंबर

लसूण लावला. फळवाल्याकडून आणलेल्या पाच लाकडी पेट्या, गॅलरीत कठड्याला लागून. पाकळ्या सुट्या केल्या, सालं तशीच ठेवली. बुडखा खाली, टोक वर, दोन बोटं खोल. वरून वाळका पाला.

बाबा आतून ओरडले, "उलट्या लावल्यास तर खालच्या मजल्यावर उगवतील हं!" उन्हाळ्यात घसरून मणका दुखावला, तेव्हापासून पलंगावरून विनोद तेवढे होतात. बाकी सगळं मी. पाण्याचं भांडंही हातात देते.

का लावला? हातांना काम हवं होतं. साहेबांना जानेवारीअखेर उत्तर द्यायचंय — बेटावरच्या वेधशाळेत दोन वर्षं, उपकरणांची पूर्ण जबाबदारी माझी. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जा की!" मी म्हणाले, "आणि तुम्हाला बघणार कोण?" विषय तिथेच संपला.

२५ नोव्हेंबर

कोंब आले. येणारच होते. तरी सकाळपासून चारदा बघून आले.

३ डिसेंबर

आत्याचा फोन. "लसूण लावलायस म्हणे! बाजारात दुष्काळ पडलाय का गं?" मग आवाज उतरवून, "माझ्या भावाला टाकून कुठे जाऊ नकोस हो. तुझ्याशिवाय त्याला आहे कोण?" बघते, म्हटलं. फोन ठेवून ओटा पुसला. आधी पुसलेलाच होता.

१९ डिसेंबर

थंडी कडक. सकाळी पाल्यावर दव गोठलेलं असतं. लसणाला हेच हवं. थंडी खाल्ल्याशिवाय गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत, नुसता एक गोळा राहतो.

चौथ्या पेटीचं मात्र काहीतरी बिघडलंय! बाकी चारांत पात बुटकी, जाड, गडद. हिच्यात लांबलचक, फिकी, आडवी पडलेली. माती एक, पाणी एक, वाण एक. वेगळं काय, तर हिला उचलायला दोरीचे कान आहेत. दोरीने लसूण बिघडत नाही.

४ जानेवारी

चौथी पेटी पहिलीच्या जागी नेली, पहिली तिच्या जागी. दोन आठवडे झाले. पहिली ठणठणीत, चौथी तशीच लोळतेय. म्हणजे जागेचा दोष नाही. दाबमापक चुकीचा आकडा दाखवायला लागला की मी कारण शोधून काढते, तेच माझं पोट भरण्याचं काम आहे. इथे एका पेटीपुढे हात टेकले.

झोपही नीट नाही. बेटाचा नकाशा काढते, घडी घालून ठेवते, परत काढते.

१८ जानेवारी

कळवून टाकलं. "घरच्या अडचणीमुळे जमणार नाही."

साहेब म्हणाले, "मुदत आहे अजून. नक्की?" नक्की, म्हटलं.

हलकं वाटलं. इतकं हलकं वाटायला नको होतं. बाबांना सांगितलेलं नाही.

२१ जानेवारी

समोरच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या काकू रस्त्यात भेटल्या. त्यांचं मशीन खिडकीशी असतं, आमची गॅलरी त्यांना पूर्ण दिसते.

"काय गं, बापाला चांगलं कामाला लावलंस! तू कामाला गेलीस की दोरीवाली पेटी उचलून आत नेतो, तुझी यायची वेळ झाली की बाहेर. मध्येच कंबर धरून उभा राहतो. आम्ही पैजा लावतो इकडे, आज पोचतोय की टेकवतोय!"

मी हसले. जिना चढेपर्यंत हसू उतरलं होतं.

म्हणजे उचलता येतं! पेटी मातीने भरलेली — मला ती सरकवताना घाम फुटतो. आणि मी आठ महिने यांच्या हातात पाणी देतेय. यांच्यासाठी नाही म्हणून कळवून बसलेय!

घरात गेले. पाणी दिलं. त्यांनी घेतलं. विचारलं असतं तर आवाज चढला असता.

२२ जानेवारी

दोन तासांची रजा टाकून लवकर घरी आले. बाबा पेटी घेऊन गॅलरीच्या दारात. मला बघून तसेच उभे राहिले. खाली ठेवायचंही सुचेना.

"हे कधीपासून?"

"दीड महिना झाला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हळूहळू वजन उचलायची सवय करा. घरात दुसरं काय आहे उचलण्यासारखं? तुला उचलू?"

"माझा लसूण शेकून काढलात! थंडी आणि ऊन दोन्ही हवं असतं त्याला."

"आत आणली की दम लागतो गं. परत न्यायला संध्याकाळ होते."

"आणि पाणी? ते उठून घेता येत नाही?"

"येतं की. पण तू न मागता देतेस. नको म्हटलं की तुझं तोंड उतरतं." मग म्हणाले, "नीट जमेपर्यंत बोलायचं नव्हतं. महिनाअखेर दाखवणार होतो, म्हणजे तुला निर्धास्त जाता येईल."

"मी नाही म्हणून कळवलंय."

बाबा रागावले असते तर बरं झालं असतं.

"कुणासाठी?"

तुमच्यासाठी, असं म्हणणार होते. पेटी अजून त्यांच्या हातातच होती.

२३ जानेवारी

साहेबांना फोन लावला. पलीकडे घंटा वाजत होती तोवर मनात एकच — जागा भरलेली असू दे.

म्हणजे बाबा कधी मध्ये नव्हतेच. जायला मीच घाबरत होते.

जागा रिकामी आहे. हो म्हटलं.