फक्त बाळंतिणीसाठी

सिबू, ३ मार्च १९०४

ति. ताईस,
केंग-होचा शि. सा. न. वि. वि.

तू दिलेलं लाल खमीर समुद्रातून कोरडं पोचलं. गेल्या साली इथे नदीकाठी नुसता चिखल होता. आता फळ्यांचा रस्ता आहे, धक्का आहे, आणि ओळीतलं तिसरं दुकान माझं. होता नव्हता तो चिकट तांदूळ घालून मी आपली कुतिएनची लाल दारू लावली. पण वसाहतीचे पाद्रीबाबा दारूचं नाव काढू देत नाहीत. मी म्हटलं, हे तर बाळंतिणीचं औषध, आमच्याकडे कोंबडीच्या रश्श्यात घालून शेवयांबरोबर देतात. ते म्हणाले, मग तशी पाटी लाव आणि पाटीला जाग. लावली: ‘फक्त बाळंतिणीसाठी’. ताई, गावात सगळे लाकूडतोडे नि मळेवाले. बाई औषधालाही नाही! रोज कोणीतरी पोट धरून येतो आणि कळा सुरू झाल्यात म्हणून सांगतो.

सिऊ-इंगला पाठव ना. माझ्या पत्रांना ती उत्तर देत नाही. बायकोवाचून इथे सगळं आहे आणि काहीच नाही.

लोभ आहेच, खाऱ्या वाऱ्याने तो विटू देऊ नकोस.
तुझा,
केंग-हो

कुतिएन, २० मे १९०४

चि. केंग-होस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीपुढे वाचून दाखवलं. कळांचं ऐकून शेजारणी हसून लोळल्या. तुझी बायको हसली नाही. उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. तुमचं पहिलं मूल गेलं तेव्हा मी डोंगरापलीकडे दुसऱ्या बाळंतिणीपाशी होते. घरात सुईण असून तिच्या वेळेला कोणी नव्हतं. जिथे सुईण नाही तिथे मी पाऊल टाकणार नाही, असं ती मला स्वच्छ म्हणाली, आणि मला तिचं पटतं. तुझ्या गावात धक्का आहे म्हणतोस. सुईण आहे का?

उन्हात टोपी घालत जा. या बहिणीवर राग धरू नकोस.
तुझी ताई,
मुई-गिंग

सिबू, ११ ऑगस्ट १९०४

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उकाड्याने घात केला. एक रांजण सोडून सगळी दारू आंबली. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. तेवढ्यात मासे विकायला आलेल्या, इथल्या इबान जमातीच्या म्हातारीने बोट बुडवून चाखलं आणि मासे मुरवायला मोठं मडकं भरून नेलं. आता तोच माल सिरका म्हणून हातोहात खपतो, वरच्या गावांहून होड्या येतात, आणि सिरक्याला पाद्रीबाबांची हरकत नाही.

त्या पैशातून दुकानामागे खोली बांधली, पुराचं पाणी लागणार नाही अशी उंच. ती सुईणीसाठी. तुझ्या हाताखाली तयार झालेली एखादी पाठव; भाडं नको, तांदूळ माझा. उरलेला रांजण ओल्या पोत्यांत गुंडाळलाय, रोज पाणी मारतो. लोक म्हणतात, आता तरी पाटी उतरव. हात होत नाही. सिऊ-इंग येणारच नाही, अशी मला भीती वाटते.

तिला हे सांग, आणि माझ्या बाजूनेही थोडं बोल.
तुझा,
केंग-हो

कुतिएन, २ नोव्हेंबर १९०४

दुकानवाल्यांस,
सिऊ-इंगचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून वन्सं भडकल्या. केंग-होला या जगात मी आणलं आणि तो माझ्या हाताखालची मागतो, असं म्हणत त्यांनी कात्री, दोरा, फडकी सगळं पेटीत भरलं. भावकी आडवी आली, तिलाही त्यांनी दोन शब्द सुनावले. खोलीला पूर्वेला खिडकी हवी असा त्यांचा निरोप आहे, नसेल तर पाडून घ्या.

मी रागावले नव्हते, घाबरले होते. अजूनही घाबरते. पण तुम्ही मला आपलं मूल विसरायला सांगितलं नाहीत, खोली बांधलीत. नव्या वर्षाआधीच्या बोटीने आम्ही दोघी निघतो.

भेटीपर्यंत माया असू द्यावी, भेटीनंतर मी बघून घेईन.
तुमची,
सिऊ-इंग

ता. क. रांजणावर पाणी मारत राहा, वर्षभर तरी मारावं लागेल. आणि पाटी उतरवू नका. गिऱ्हाईक निघालंय.