गोळ्या घेतल्या की!

अप्पा, आज दुपारी वॉर्डात एका पेशंटवर ओरडले आणि ओरडताना डोळ्यांसमोर तुम्ही होता. अक्कलकोटकडचा किराणा दुकानदार, हृदयाचं जुनं दुखणं, फ्लूच्या तापानं फणफणलेला. मी विचारलं, “हृदयाच्या गोळ्या चालू आहेत ना?” धाप लागलेली, तरी म्हणाला, “घेतल्या की, म्याडम.” शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलीनं पिशवीतून गोळ्यांचं नवं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. एकही गोळी काढलेली नव्हती. “ताप आल्यापासनं बंद केल्यात. दोन-दोन औषधं लई गरम पडत्यात म्हणत्यात,” ती म्हणाली. धाप लागलेल्या माणसावर ओरडू नये, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते.

आपल्या गावी, नवी पेठेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, हा तुमचा नियम. कुणी इरकल साडी मागितली आणि ती संपलेली असली तरी तुम्ही गादीवरून न हलता म्हणायचा, “हाय की! बसा, चहा घ्या.” तोवर नोकर मागच्या दारानं शेजारच्या दुकानातून साड्या उचलून आणायचा. गिऱ्हाईक उठता कामा नये, बस्स. एकदा शाळेतून आलेली मी सगळ्यांसमोर बोलून गेले, “अप्पा, त्या कालच संपल्या की.” गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही मला झाडलंत. “खरं बोलायची एवढी हौस हाय तर डॉक्टर हो, गादीवर बसू नको.” मग झाले डॉक्टर.

मी पुण्यात शिकत होते तेव्हा तुम्हाला असाच ताप आला, आणि हृदयाचं दुखणं तुमचंही जुनंच. मी रोज फोनवर विचारते आहे, “गोळ्या घेतल्या का?” आणि तुम्ही म्हणता आहात, “घेतल्या की. तू परीक्षेचं बघ.” मी परीक्षेचं बघितलं. पोचले तेव्हा तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होता. नंतर दुकानाच्या खणात, कात्रीखाली, ती न फोडलेली पाकिटं सापडली. आई म्हणाली, “ताप उतरला की घेतो म्हनले.” अप्पा, मी तुमची मुलगी होते, गिऱ्हाईक नव्हते!

आता मी त्याच विषयावर संशोधन करते. विषाणूचा ताप जोराचा असला की आधीच दुखऱ्या हृदयाचं काय होतं, कुणाचं निभावतं, कुणाचं नाही. गोळ्या घेतल्या असत्या तर तुम्ही वाचला असता, असं मी म्हणत नाही. एका माणसावरून तसं सांगता येत नाही, आणि तुमच्यासाठीसुद्धा मी पुराव्याबाहेर बोलणार नाही. माझा राग गोळ्यांवर नाहीच. मला यायचं होतं. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंत तर मी रात्रीची एसटी धरून आले असते, भांडले असते, उशाशी बसले असते. तुम्ही मला गोड बोलून तिकडेच बसवून ठेवलंत. लोक म्हणतात, मुलीला काळजी नको म्हणून बापानं केलं. मला ती काळजी हवी होती, माझ्या हक्काची होती ती.

संध्याकाळी त्या दुकानदाराला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. इको मीच केला. हृदय जेमतेम चाललं आहे, आणि रात्र निघेल असं मला वाटत नाही. बाहेर आले तर ती मुलगी बाकावरून उठली. “म्याडम, भाऊ बेंगळुरूला हाय. बोलवून घिऊ का? का अप्पा बरं व्हतील?” चेहरा अगदी पांढरा पडला होता तिचा. आणि मी म्हटलं, “होतील की. बसा, चहा घ्या.”

ती बसली. मी केबिनमध्ये येऊन दार लावलं आणि तुमच्यावरचा राग कागदावर काढत बसले. तिचा चहा एव्हाना संपला असेल. पत्र इथेच ठेवते अप्पा, भावाला बोलव म्हणून तिला सांगायचं राहिलंय.